सकाळचं काजळ

सोमवार, १० जुलै

आज दुसऱ्याच्या पोरानं आमच्या ऋतुजाच्या अंगावर ओकारी केली. सुलाबाईंनी फ्रॉक धुऊन पिशवीत घालून दिला होता, पण केसांचा वास गेला नव्हता. आंबट दूध आणि त्यात तापाच्या औषधाचा तो गुळमट संत्र्याचा वास. ती गाडीवर पुढे उभी होती आणि मी घरापर्यंत तोंडानं श्वास घेत आले.

"मास्तरीणबाईंच्या लेकराला रातच्यापास्नं कणकण व्हती," सुलाबाई म्हणाल्या. "औषध पाजून आणून सोडलं. दुपारी औषध उतरलं की भडाभडा ओकलं. लेकराची काय चूक वो?"

लेकराची नाहीच, आईची. दुसऱ्यांच्या पोरांना स्वच्छतेचे धडे शिकवते आणि स्वतःचं पोर असं फेकून जाते. शी!

सुलाबाईंचं पाळणाघर म्हणजे जिंतुरातल्या एका गल्लीत दोन खोल्या, एक टीव्ही आणि सात पोरं. सातही नाकं वाहती, आणि पुसायला एकच पदर. त्या पदराकडे मी बघतच नाही. पण करता काय? मी दिवसभर सेतू केंद्रात संगणकावर लोकांचे फॉर्म भरते, वैभव खताच्या दुकानात असतो. पावणेतीन वर्षांची पोरगी काय कुलूप लावून ठेवू?

वैभवला सांगितलं तर मोबाईलमधून मान वर न करता "हं" म्हणाला. म्हणून ही डायरी काढली. कीटकनाशकाच्या कंपनीनं त्याला फुकट दिलेली. प्रत्येक पानाच्या खाली बोंडअळीचं चित्र आहे. तीही बघून घ्यावी लागते.

रात्री आयांच्या ग्रुपवर खडसावून लिहिलं: "ज्यांची मुले आजारी आहेत त्यांनी ती घरी ठेवावीत. औषध पाजून ताप लपवणे म्हणजे इतरांच्या मुलांच्या जिवाशी खेळ आहे. नोकऱ्या सगळ्यांनाच आहेत." कुणीतरी तोंडावर बोलायलाच हवं होतं. पहिलं उत्तर सविताचं आलं, "बरोबर हाय ताई." सविता एसटीत कंडक्टर आहे. तिचं आठ महिन्यांचं बाळ पाळणाघरात सगळ्यांत धाकटं. मास्तरीणबाईंनी काहीच लिहिलं नाही. लागलं असेल.

शुक्रवार, १४ जुलै

सविताचं बाळ चार दिवस आलं नाही. सर्दी आहे म्हणे, ती घरीच बसलीय त्याला घेऊन. एसटीच्या नोकरीचं बरं आहे. बसावं वाटलं की बसता येतं.

शनिवार, २९ जुलै

एक रुपयाचा पीक विमा. सोमवारी शेवटची तारीख. सेतूसमोर सकाळी सातपासून रांग, आत पंखा बंद, सर्व्हर बंद, आणि माणसांचा ओला वास. त्यात डोळ्यांची साथ. निम्मी रांग काळे चष्मे घालून उभी, निम्मी लाल डोळे चोळत.

केवायसीला अंगठा लागतो. बोरीकडचे एक म्हातारेबाबा आले, डोळ्यातलं पाणी अंगठ्यानं पुसलं आणि तोच अंगठा मशीनवर टेकवला. मी म्हटलं, "बाबा, हात पुसा ना." तर म्हणतात कसे, "पुसलाय की माय, डोळ्यालाच पुसलाय." मागचे सगळे हसले. मला जेवण गेलं नाही.

राजशेखरअण्णांनी, म्हणजे केंद्राच्या मालकांनी, सांगून टाकलंय, विमा संपेपर्यंत कुणी सुट्टी मागायची नाही. मागायची असेल तर कायमची घ्यायची. त्यांची पुतणी टायपिंग शिकून घरी बसलीय. रोज चहा घेऊन येते आणि माझ्या खुर्चीच्या मागे उभी राहून बघते.

सगळ्या दिवसात एकच गोष्ट बघवते. संध्याकाळी पाच वाजता सुलाबाई सातही पोरांची तोंडं धुतात, पावडर लावतात आणि आपल्या हातानं धरलेलं काजळ घालतात. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची ताटली, मग त्यात तूप. पितळेची डबी मांडीवर आणि करंगळी एका पोराच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात अशी झरझर फिरते. एक पोर रडत नाही. आपण दारात जावं तर सात बाहुल्या ओळीनं बसलेल्या. त्या एका घटकेला ते घर घरासारखं वाटतं.

मंगळवार, १ ऑगस्ट

विम्याची मुदत तीन तारखेपर्यंत वाढली. काल रात्री हे कळलं तेव्हा मी केंद्रातच होते आणि मला रडूच आलं. खरं रडायचं आज होतं.

सकाळी सहाला ऋतुजा "आई, अंधार, आई, अंधार" करत उठली. दोन्ही डोळे चिकटलेले. पापण्यांवर पिवळं वाळलेलं, कोपऱ्यात ओलं. कोमट पाण्याचा कापूस लावून उघडले, तर तार निघाली. आईला स्वतःच्या पोराची किळस यावी का? आली. खोटं कशाला लिहू?

वैभवला म्हटलं, आज तुम्ही राहा. तो आरशासमोर विभूती लावत होता. "गुरुवारी तुझ्या आईनं धोंड्याला बोलावलंय. मालकानं महिन्याची तेवढी एक सुट्टी दिलीय." म्हणजे सासुरवाडीला जेवायला सुट्टी आहे, पोरीला सांभाळायला नाही. अधिक महिन्यात जावयाला देव मानतात. या देवाला सकाळी एक कापूस बुडवून देता येत नाही.

बोरीला सासूबाईंना फोन लावला. त्या लिंगपूजा झाल्याशिवाय बोलत नाहीत. पावणेआठला त्यांचा फोन आला, तोवर सकाळची बस निघून गेलेली. म्हणाल्या, "दुपारच्या गाडीनं येऊ का? पण तवर तुझं काम असंल न्हवं? असं कर, काजळ घाल. डोळ्याला थंड असतंय. आमच्या सगळ्या लेकरांचे डोळे काजळानंच बरे झाले."

सेलूला आईकडे पाठवायचा विचार आला तसाच गेला. धाकटी बहीण बाळंतपणाला आलीय, बाळ सव्वा महिन्याचं. ओल्या बाळंतिणीच्या घरात डोळे आलेलं पोर न्यायचं नसतं, एवढं मलाही कळतं.

अण्णांना फोन करायला नाव काढलं. बोट टेकवलं नाही. पुतणीच आठवली.

मग घरातलं काजळ काढलं. काजळ घातल्यावर लाली फारशी दिसेना. उलट बरीच गोड दिसायला लागली. आणि मी नीट बघितलं, ही साथ नसावी. काल अंगणात ती मातीत खेळत होती, धूळ गेली असेल. साथीत डोळे जास्त सुजतात.

सुलाबाईंनी दारात तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. "आज सकाळीच नटून आली?"

"हट्टच धरला हो तिनं."

त्या ऋतुजाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "बरं. जावा तुमी, तुमच्या केंद्रापुढं माणसं ताटकळायलेत." आणि तिला आत घेतलं.

आज एकशे चार फॉर्म झाले. अण्णा खूश.

बुधवार, २ ऑगस्ट

डोळे जरा कमी. सकाळी पुन्हा पुसून, काजळ घालून सोडलं. मेडिकलमधून थेंब आणलेत, तेही घातले.

काल संध्याकाळपासून ऋतुजा रागावलीय. म्हणते, "सुलाआजीनं मला कोपऱ्यात बसवलं. माझा टावेल येगळा. बाळाला हात लावू दिला न्हाई." मला धक्काच बसला. एवढ्याशा पोरीला वेगळं टाकायचं? मी ग्रुपवर स्पष्ट बोलते म्हणून पोरीवर राग काढतात की काय? आठवड्याच्या शेवटी विचारणार आहे. संध्याकाळी काजळ तरी घातलं होतं, सगळ्यांच्या ओळीत.

गुरुवार, ३ ऑगस्ट

विमा संपला. अण्णांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मला म्हणाले, "स्वप्नाबाई, तुम्ही होत्या म्हणून निभावलं." पुतणी आज आली नव्हती.

वैभव सेलूहून नवा शर्ट घालून, तेहतीस अनारसे घेऊन आला. ढेकर देत म्हणाला, आईनं विचारलं, पोरगी का नाही आणली. मी काय सांगितलं असतं? ती पाळणाघरात होती.

शनिवार, ५ ऑगस्ट

ऋतुजाचे डोळे स्वच्छ झाले. आणि आता पाळणाघरात सगळ्यांचे आले! चार पोरं, सुलाबाई स्वतः आणि सविताचं बाळ. बाळाचे तर पुऱ्यांसारखे सुजलेत. फोटो टाकलाय ग्रुपवर, मी जेवता जेवता उघडला आणि ताट सरकवलं.

मास्तरीणबाईंनी विचारलंय, "सर्वांत आधी कोणाच्या मुलाचे डोळे आले ते समजले पाहिजे." मी लिहिलं, "मी दहा जुलैलाच सांगितले होते." कुणीतरी लिहायलाच हवं होतं. माझा अंदाज सवितावर आहे. दिवसभर एसटीत शंभर लोकांचे हात, शंभर नोटा, आणि त्याच हातानं बाळ घ्यायचं. तिला मी थेट नाव घेऊन लिहिलं नाही, "ज्यांचा सार्वजनिक ठिकाणी संपर्क येतो" असं लिहिलं.

सुलाबाईंना लिहिता येत नाही. त्यांनी आवाज पाठवला. "माझेच डोळे आधी आले वो बायांनो. लेकरांना माझ्यापास्नं झालं. कुणी कुणाला बोलू नगा."

बघा. म्हणजे त्यांच्यापासूनच.

सोमवार, ७ ऑगस्ट

सविता बाळाला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर जखम झालीय. फूल पडू नये, पांढरा डाग राहू नये म्हणून तासातासाला थेंब घालायचे आहेत. डॉक्टरांनी पापणीच्या आतून काळी घाण काढली आणि विचारलं, हे कुणी घातलं? एकाच बोटानं सगळ्या मुलांना काजळ घालता? एकाचं सगळ्यांना दिलंत तुम्ही.

दुपारी केंद्रात हे वाचलं आणि मला बरं वाटलं. काजळ. कोणाचं पोर नाही, काजळ! हातातला फॉर्म पूर्ण केला, चहा घेतला.

मग आठवलं, मंगळवारी संध्याकाळी त्या ओळीत ऋतुजा बसली होती. कितवी बसली होती, ते मात्र आठवत नाही.

मंगळवार, ८ ऑगस्ट

संध्याकाळी आम्ही पाच आया सुलाबाईंच्या दारात. सविता नव्हती, ती बाळाजवळ. मास्तरीणबाईंनी कागदाच्या तुकड्यात धरून ती काजळाची डबी उचलली आणि गटारीत टाकली. कुणी म्हणालं तक्रार करू, कुणी म्हणालं पोलिसात सांगू. सुलाबाई लाल डोळ्यांनी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मला कळलं न्हाई, माय," एवढंच म्हणाल्या. "माझ्या आईनं असंच घातलं, मी असंच घातलं. माझी जिम्मेदारी हाय, मी न्हाई म्हणत न्हाई."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. स्पष्ट बोलणारी मीच ना. आणि मी बोलले. "सुलाबाई, इतकी घाण तर कोणी जनावरांच्या गोठ्यातही ठेवत नाही." असं बोलले मी. शब्द तोंडातून गेल्यावर माझ्याच तोंडाला वास आल्यासारखं झालं.

घरी येऊन दोनदा चूळ भरली.

गुरुवार, १० ऑगस्ट

पाच जणींनी पोरं काढली. त्यात मीही. सासूबाई आता बोरीहून आल्यात, सगळं उरकल्यावर. ऋतुजाची गोधडी आणि पाण्याची बाटली आणायला दुपारी सुलाबाईंकडे गेले. घर रिकामं होतं. एवढं स्वच्छ ते घर मी कधी पाहिलं नव्हतं आणि ते बघवेना.

त्यांनी गोधडी धुऊन घडी करून ठेवली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही ऋतुजाला कोपऱ्यात का बसवलं होतं?"

"तिचे डोळे आले व्हते म्हणून."

मी म्हटलं, "छे, धूळ गेली होती."

"स्वप्नाबाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "लेकरांना काजळ मी संध्याकाळी घालते. सकाळी काजळ घालून पोरगं आजवर कुणी आणलं न्हाई. तुमी दारात आलाव तवाच मला दिसलं. येगळं बसवलं, येगळा टावेल दिला, बाळाकडं जाऊ दिलं न्हाई. पण संध्याकाळी त्या बोटाचं काय ध्यानात आलं न्हाई. मला वाटायचं काजळानं डोळे बरे व्हतात. उलट तिला दोन बोटं जास्त घातलं."

मी विचारलं, मग मला परत का नाही पाठवलं?

"तुमचं काम गेलं असतं की."

आणि ग्रुपवर आपले डोळे आधी आले असं का सांगितलं, ते मी विचारलंच नाही. गोधडी घेतली आणि निघाले. वाटेत गाडी थांबवून भिंतीच्या कडेला उलटी केली. मंगळवारपासून पोटात काही टिकत नाहीये. दुसऱ्यांची नाकं मोजत बसले होते मी.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

सकाळी ग्रुपवर लिहिलं. चार वेळा खोडलं, पाचव्यांदा वाचून न बघताच पाठवलं.

"एक तारखेला ऋतुजाचे डोळे चिकटलेले होते. मला माहीत होते. सुट्टी मिळणार नव्हती म्हणून काजळ घालून लाली लपवली आणि पाठवले. तीन दिवस पाठवले. साथ माझ्या घरून आली. सुलाबाई खोटे बोलल्या, मला वाचवायला."

मग उत्तरं यायला लागली. मास्तरीणबाईंचे दोन जोडलेले हात. एकीनं, "ताई, आईचा नाइलाज असतो." एकीनं फूल. एकीनं लिहिलं, "झालं गेलं गंगेला मिळालं." तिघींनी माझ्या मेसेजवर बदाम टाकला. मी पोराच्या डोळ्याला जखम केली आणि मला बदाम! यांच्या पोरांचे डोळे बरे झालेत ना, यांचं काय जातं.

दुपारी सविताचा आवाज आला, मला एकटीला. मागे बाळ किरकिरत होतं. तिचं बोलणं शांत होतं, म्हणून मी ते सगळं उतरवून ठेवते.

"ताई, मागल्या महिन्यात बाळाला नुसती सर्दी झाली तवा तुमचा मेसेज वाचून मी चार दिस घरी बसले. डेपोत साहेबाची बोलणी खाल्ली. मला सगळे म्हणले, सर्दीला कोण बसतंय. मी म्हणलं न्हाई, त्या ताई शिकलेल्या हायत, बरोबर सांगायल्यात, दुसऱ्याच्या लेकराचाबी इचार करावा. मला तुमाला काय बोलायचं न्हाई. फकस्त मला फोन करू नगा."

संध्याकाळी ग्रुप उघडला तर ती निघून गेलेली होती. खाली अजून बदाम येत होते.

वैभव म्हणाला, "तुला लिहायची काय गरज होती? मिटलं होतं ना." अनारसे अजून संपले नाहीत, ते खात म्हणाला.

रविवार, १३ ऑगस्ट

सुलाबाईंनी कालपासून बाळाला ठेवून घेतलंय असं कळलं. बाळाची जखम भरत आलीय. नजरेचं काय ते मोठं झाल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणतात. बाकीच्या आयाही एकेक करून परत जायला लागल्यात. दुसरीकडे जाणार कुठे?

सासूबाई सकाळी बोरीला गेल्या. उद्या ऋतुजाला सोडायचं. सुलाबाईंच्या पाया पडायचं ठरवलंय. ग्रुपवर सगळ्यांसमोर खरं लिहिलंय मी, आता निदान तोंड दाखवता येईल.

सोमवार, १४ ऑगस्ट

ऋतुजाला न्हाऊ घातलं, वेणी घातली. डोळे लखलखीत. ताप नाही, सर्दी नाही, नाक कोरडं. एवढं निरोगी पोर मी पाळणाघरात कधी नेलं नसेल.

सुलाबाई दारातच उभ्या राहिल्या. ऋतुजा चपला काढून त्यांच्या बाजूनं आत शिरली, पोरांत जाऊन बसलीसुद्धा. मी वाकले तर त्यांनी मला खांद्याला धरून वर केलं.

"स्वप्नाबाई, ऋतुजाला मी ठिवून घेत न्हाई."

मी म्हटलं, "बरी झालीय हो ती. बघा ना डोळे."

"दिसायलंय की. लय छान झालेत." त्या आत बघत होत्या. कोपऱ्यात सविताचं बाळ झोपलं होतं, उजव्या डोळ्यावर पट्टी. "सविता म्हणली, ती असंल तर मी बाळ आणत न्हाई. मी तिला समजावलं, ती न्हाईच म्हणायली. आता तुमीच सांगा. तुमची पोरगी बोलती, चालती, हातानं खाती. तिला कुटंबी घेतील. ह्याच्या डोळ्यात घटकेघटकेला थेंब घालायचेत. ह्याला कोण घेतंय?"

मला राग आला. खरं लिहिते, पहिला रागच आला. मी कबूल केलं, बाकीच्या अजून औषध पाजून आणतात, आणि परत जायचं ते मीच? मग तो राग कुठे ठेवावा ते कळेना. "बरोबर आहे," एवढं म्हटलं.

ऋतुजाला आतून मीच ओढून आणलं. रडली नाही, तिला वाटलं काहीतरी विसरलंय. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी ढकलत आणली, चालू करायचं सुचलं नाही. ती पुढे उभी. आजारी पोरं घरी राहतात, एवढं तिला माहीत आहे.

"आई, मी बिमार हाय?"

"नाही गं. तू एकदम बरी आहेस."

"मग सुलाआजी घेत कामून न्हाई?"

मी म्हटलं, "आईमुळं."

तिनं मागे वळून माझ्या कपाळाला हात लावला, मी तिच्या लावते तसा. "तू बिमार हायस?"